हवेची टाकी आणि त्या वर्षीचा कापूस

दिवाळीच्या आगेमागे यवतमाळहून दारव्ह्याच्या रस्त्याला लागलं, की दोन्ही अंगांच्या बाभळी पांढऱ्या झालेल्या दिसतात. ती फुलं नसतात. कापसानं उतू चाललेल्या गाड्या त्यांच्याखालून जातात आणि बाभळी आपला वाटा ओरबाडून घेतात. पूर्वी बैलगाड्या होत्या, आता ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आहेत. परवा नातवाच्या गाडीतून जाताना ते पुंजके दिसले आणि मी काच खाली करून एक श्वास घेतला. पुरता, पोटापर्यंत उतरलेला. नातू म्हणाला, "आजी, धूळ येते." येऊ दे म्हटलं. असा श्वास आपल्याला घेता येतो याचं मला या वयातही नवल वाटतं. एका कापसाच्या मोसमात तो मला येत नव्हता. माझ्या वाटचा श्वास तेव्हा दुसऱ्यांनी आणून दिला. तो मोसम तेव्हापासून दरवर्षी शेतात कापूस फुटला की माझ्यात फुटतो.

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. माझं माहेर दिग्रसचं, सासर ढाणकीचं. पहिल्या बाळंतपणासाठी नवरात्र आटोपल्यावर मी माहेरी आले. एसटीतून उतरून घरापर्यंतचा रस्ता, जो मी लहानपणी धावत संपवायची, तो त्या दिवशी संपेना. दर चार पावलांवर थांबत होते. बाबांनी माझी पेटी खाली ठेवली, माझ्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा उचलली, आणि माझ्या चालीनं चालू लागले.

माय म्हणाली, "पयलटकरीन हाय बाप्पा, होते असं."

पण तसं नव्हतं. उताणं निजलं की छातीवर कुणी कापसाचा बोरा ठेवल्यासारखं व्हायचं. मी भिंतीला टेकून बसूनच झोपू लागले. तेव्हा बाबांनी डॉक्टरांना आणलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचा दवाखाना होता. उंच, किंचित वाकलेला माणूस, आणि आवाज इतका हळू की ऐकायला आपणच पुढं झुकावं लागे. त्यांनी नळी माझ्या छातीवर ठेवली आणि डोळे मिटून किती वेळ ऐकत राहिले.

"लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का हिला?"

"आलता नं," माय म्हणाली. "आठ-नऊ वर्साची असतानी. किती दिवस पाय टेकवत नोती."

डॉक्टरांनी नळी गुंडाळली. त्या तापानं माझ्या काळजाची एक झडप आखडली होती, ते म्हणाले. दार अर्धंच उघडत होतं. एकटीपुरतं आजवर भागलं. आता दोन जिवांचं रक्त त्याच अर्ध्या दारातून ये-जा करत होतं.

"नागपूरले न्यावं काय?" बाबांनी विचारलं.

"दोन महिन्यांपूर्वी न्यायला हवं होतं. आता त्या रस्त्यानं, मोटारीचे हिसके खात... वाटेत दम लागला तर कुणाच्याच हाताशी काही नसेल. इथंच ठेवू. मीठ बंद, उठणं बंद. औषध मी देतो. पण प्राणवायू घरात पाहिजे."

प्राणवायू हा शब्द मायनं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. तिनं त्याला लगेच सोपं नाव दिलं: हवा. डॉक्टरांपाशी त्या हवेची एक छोटी टाकी होती, बगलेत मावेल एवढी. तिच्यावर काटा असलेलं एक यंत्र, त्याला रबरी नळी आणि तोंडावर धरायचा काळा मुखवटा. जीव घाबरला की तो मुखवटा धरायचा. रबराचा तो वास मला अजून येतो. सायकलच्या ट्यूबसारखा, थोडा आंबट. पहिल्यांदा नकोसा वाटला. नंतर भुकेल्याला भाताचा वाटावा तसा वाटू लागला.

पण ती टाकी भराभर संपायची. भरायला नागपूरला पाठवा, मालमोटारवाल्याच्या हातापाया पडा, परत यायची वाट पाहा. तो सारा खर्च एका मापाऱ्याच्या घराला झेपणारा नव्हता. बाबा कापूस बाजारात मापारी होते. आणि खर्च कसाबसा झेपला असता तरी वेळ झेपणारा नव्हता. म्हणून डॉक्टरांनी एक मोठी टाकी मागवली. कापसाच्या गाठी पोचवून रिकाम्या परतणाऱ्या मोटारीतून ती आली. माणसाच्या उंचीची, काळी, खांद्यापाशी पांढरी. चौघांनी मिळून ती ओसरीवर उभी केली आणि बाबांनी सोलानं खांबाला बांधली, जशी म्हैस बांधावी.

डॉक्टर आपलं यंत्र घेऊन आले. ते मोठ्या टाकीच्या तोंडावर ठेवलं, फिरवलं, उलटं फिरवलं. बसेना. यंत्र फक्त लहान टाकीचं होतं. मोठीचं तोंडच वेगळं. डॉक्टर ओसरीच्या पायरीवर बसले. हवा दारात येऊन उभी होती आणि मला घेता येत नव्हती. खाटेवरून मी त्यांची पाठ पाहत होते. त्यांच्या सदऱ्यावर बाजारातला कापूस चिकटला होता.

बाबा म्हणाले, "रहीमभाईले बलावू काय?"

रहीमभाईंचं घर आमच्या घराच्या पाठीला पाठ लावून होतं. मध्ये एक बुटकी भिंत. एसटी स्टँडजवळ त्यांचं दुकान होतं. तिथं ते इंजिनं दुरुस्त करायचे, गाड्यांचे तुटलेले आस गॅसच्या ज्योतीनं सांधायचे. त्यांचे हात कोपरापर्यंत कायम काळे असत, आम्हा पोरींना वाटायचं जन्मतःच तसे असतील. ते आले, दोन्ही टाक्या त्यांनी बोट न लावता पाहिल्या.

"चुडी अलग हाय दोघींची," ते म्हणाले. चुडी म्हणजे पेचाचे आटे. "डॉक्टरसाब, तुमचं यंत्र मोठीवर नाही बसनार. पन मोठीतून छोटीत भरता येईल. मधात एक जोड पायजे. एका अंगाले ह्या चुडीचा, दुसऱ्या अंगाले त्या चुडीचा."

"जमेल?"

"जमेल. पन जल्दी नका करू. मी पोरगा होतो तवा एका उस्तादनं ह्याच हवेच्या जोडाले तेल लावलं, चुडी नरम व्हावी म्हनून. भडका झाला. त्याच्या तोंडाची जळालेली बाजू मी पाह्यली हाय."

डॉक्टरांनी मान हलवली. "तेच मी तुम्हाला सांगणार होतो. तेल, तूप, ग्रीस, काही चालणार नाही. विस्तव तर घरातच नको."

मग ते दोघं ओसरीवर उकिडवे बसून कितीतरी वेळ बोलत राहिले. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं सांगायचं, मग उलट. डॉक्टरांनी पाटीवर काहीतरी काढलं, रहीमभाईंनी ते बोटानं पुसून दुसरं काढलं, डॉक्टर हसले. त्या हसण्यानं मला पहिल्यांदा वाटलं, की मी कदाचित जगेन.

पहिला जोड चुकला. रहीमभाईंनी त्यावर साबणाचा फेस लावला तर बुडबुडे आले. कुठूनतरी हवा निसटत होती. त्यांनी तो काढून खिशात टाकला आणि म्हणाले, "ताई, आजचा दिवस माफ करा." त्याच संध्याकाळी माझा दम इतका वाढला की डॉक्टरांच्या लहान टाकीतली उरलीसुरली हवा संपून गेली. माय माझी पाठ धरून बसली होती. तिचा हात थरथरत होता आणि ती मलाच सांगत होती, "थरथरू नको वं." पलीकडे कापसातली सरकी काढणाऱ्या जिनाच्या इंजिनाचा ठेका चालला होता, गाड्यांची रांग आमच्या गल्लीपर्यंत आली होती, बैलांच्या गळ्यातल्या घाट्या वाजत होत्या. साऱ्या गावाचं सुगीचं सुख आमच्या खिडकीशी येऊन थांबलं होतं आणि माझ्या घशातून शीळ वाजत होती.

रहीमभाईंनी जिनाच्या कारखान्यातल्या लेथवाल्याला गाठलं. मोसमात त्या लेथला उसंत नसते. पण त्यानं जेवायच्या सुटीत मशीन चालवून दिलं, तो स्वतः उपाशी राहिला. त्याचं नाव मला कधी कळलं नाही. माझ्या आयुष्यात ज्यांचं नाव मला ठाऊक नाही आणि ज्यांच्यामुळे मी आहे, अशांत तो पहिला. जोड तयार झाला. लिंबाएवढा, पितळेचा, दोन्ही टोकांना दोन जातींच्या चुड्या आणि मधून दोऱ्याएवढी वाट.

आणि मग ते हात धुणं.

रहीमभाई दुकानातून येत ते थेट परसात जात. अंगातला तेलकट सदरा काढून जुबेदाभाभींनी धुऊन ठेवलेला पांढरा कुडता चढवत. रिठ्याचा फेस, मग राख, मग पुन्हा रिठा. नखं घासत, कोपरं घासत. माय तांब्यानं पाणी घालायची. पहिल्या दिवशी तिनं उंचावरून घातलं. आमच्या घरात शिवाशीव फार होती. पाणी उडून रहीमभाईंचा कुडता भिजला; ते परत जाऊन दुसरा घालून आले. दुसऱ्या दिवशी तिचा तांब्या थोडा खाली आला. पुढं पुढं मी खिडकीतून पाहायची तर माय आपल्या हातानं त्यांच्या कोपरावर रिठ्याचा चोथा घासत असायची आणि म्हणायची, "इथं राह्यलं, इथं काळं राह्यलं, बाप्पा."

रहीमभाई हसून म्हणायचे, "मावशी, नमाजलेही मी इतका धुतला गेलो नाही कधी."

हात कोरडे झाले की ते जोड बसवत. मोठीची चावी इतकी हळू फिरवत की फिरते आहे हे डोळ्यांना कळत नसे. मग आवाज यायचा. स्सस्स... बारीक, दमदार. लहान टाकीचं अंग हळूहळू कोमट व्हायचं. बाबा काट्याकडे पाहायचे. आयुष्यभर बाजारात काट्यापाशी उभा राहिलेला माणूस. तिथं शेतकरी आणि व्यापारी दोघांचे डोळे त्यांच्यावर असायचे. इथं ते एकटेच त्या बारीक काट्याकडे श्वास रोखून पाहायचे, आणि तो जागेवर आला की बाजारातल्याच सुरात म्हणायचे, "झालं माप!"

मायनं टाक्यांना नावं दिली होती: थोरली आणि धाकटी. "थोरलीनं धाकटीले पाजलं काय?" असं ती विचारायची. डॉक्टरही तसंच म्हणायला लागले.

घरात विस्तव नको म्हटल्यावर चूल गेली. माय परसातली बुटकी भिंत ओलांडून रहीमभाईंच्या अंगणात तीन दगड मांडून स्वयंपाक करू लागली. जुबेदाभाभींची चूल तिथंच शेजारी. आधी दोघींच्या मध्ये तुळशीवृंदावन मावेल एवढं अंतर होतं. मग एके दिवशी वारा सुटला, मायची चूल पेटेना, भाभींनी आपल्या चुलीतलं जळतं लाकूड तिच्या चुलीत सरकवलं. मायनं क्षणभर त्याकडे पाहिलं आणि फुंकणी उचलली. माझी बिनमिठाची भाकर त्या विस्तवावर झाली. तिला कसली चव असणार! पण मायनं ती आणली तेव्हा तिच्या तोंडावर काहीतरी ओलांडून आल्यासारखा थकवा आणि हलकेपणा होता. तो मी भाकरीबरोबर खाल्ला.

त्या दिवाळीला आमच्या उंबऱ्यावर पणती लागली नाही. देवापुढचं निरांजनसुद्धा मायनं ओसरीपासून दूर, परसाच्या टोकाला नेऊन ठेवलं. अभ्यंगाचं तेल नाही, तळण नाही. आणि संध्याकाळी पाहते तो समोरच्या साऱ्या गल्लीनं आपापल्या पणत्या रस्त्याच्या पलीकडच्या कडेला मांडलेल्या. आमच्या दारासमोर जरा जास्तच. आमच्या घरावरून पुढं जाताना पोरंही फुलबाज्या विझवून हातात धरत आणि पुढं जाऊन पुन्हा पेटवत. कुणी कुणाला सांगितलं होतं, देव जाणे. मी खाटेवर बसून मुखवट्यातून ती समोरची ओळ पाहत होते. डोळ्यांत पाणी आलं की श्वास अडायचा, म्हणून रडायचीही मला परवानगी नव्हती.

मागं त्या मोठ्या साथीत लोक हवेच्या टाक्यांसाठी वणवण फिरत होते, तेव्हा मला झोप यायची नाही. कुणी घरीच काही जोडाजोड करून भरायचं बोललं की मी हात जोडून म्हणायची, नका रे बाबांनो, हे खेळणं नाही. आता भरून देणारे आहेत, तपासणारे आहेत. आमच्या वेळी दुसरा रस्ता नव्हता, आणि त्या रस्त्यावर दोन शहाणी माणसं माझ्यापुढं चालत होती म्हणून आम्ही सुखरूप पोचलो.

मार्गशीर्षातली थंडी पडली. कापसाची दुसरी वेचणी सुरू झाली. एके दुपारी डॉक्टर आले आणि बसले नाहीत. तांड्यावरचा हरलाल कापसाच्या गाडीवर लेकीला घालून आला होता. बंजाऱ्यांचं पोर, दोन वर्षांचं, छाती भरलेली, ओठ निळे. धाकटी टाकी नुकतीच भरलेली होती आणि ती माझ्या उशाशी होती. गावात दुसरी नव्हती.

"बाई," डॉक्टर म्हणाले, "तुला नाही म्हणायचा हक्क आहे. मी विचारायला आलोय, न्यायला नाही."

मायनं टाकीवर हात ठेवला. बाबा बाजारात होते. मला फार भीती वाटली. तिची चव अजून आठवते, जिभेवर ठेवलेल्या पितळेसारखी. पोटातलं बाळ हललं. टाकी द्यावी तर मी मरेन, ठेवावी तर ती पोर. मग जे तोंडून निघालं ते असं, "तिले इथीच आना नं. माह्या खाटेवर."

ती आली. पारू तिचं नाव. तिची आई सोनीबाई, हातभर बांगड्या, घागऱ्याला कापसाची बोंडं चिकटलेली, दारातच थबकली. माझं पोट पाहिलं, तोंडावरचा मुखवटा पाहिला. काय ते तिला कळलं. "मार छोरी," माझी पोर, एवढंच म्हणाली आणि पोर माझ्या मांडीशी ठेवली.

डॉक्टरांनी धुतलेलं नरसाळं नळीला लावून पारूच्या तोंडापाशी धरलं. थोडा वेळ ती, थोडा वेळ मी. माझी पाळी आली की मी दोन-चार श्वास घ्यायची आणि मानेनं खूण करायची. ती कण्हायची. तिचा बारका तळवा माझ्या मनगटावर होता, तव्यावरून काढल्यासारखा तापलेला. सोनीबाई एका हातानं लेकीला आणि दुसऱ्या हातानं माझी पाठ चोळत होती. माय आधी दाराशी उभी होती, तोंड फिरवून. मग ती आली आणि सोनीबाईच्या पाठीशी टेका द्यायला उशी ठेवून गेली.

रहीमभाईंना निरोप गेला. ते धावत आले, तरी हात धुवायची घाई त्यांनी केली नाही. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही धाकटी पुन्हा पुन्हा भरली. आणि दर वेळी तो स्सस्स आवाज आखूड होत गेला. थोरलीतली हवा कमी झाली की धाकटीत उतरणारीही कमीच. बाबांनी काट्याकडे पाहिलं आणि "झालं माप" म्हटलं नाही.

"थोरली आटली," माय म्हणाली.

हरलाल ओसरीच्या कोपऱ्यात बसून होता. तो उठला. "मी जातो नागपूरले. गाठीची मोटार हाय दुपारची. डाक्टरसाहेब, काय सांगाचं थे लिहून द्या."

"तुह्या गाडीतला कापूस?" बाबांनी विचारलं.

"कापूस कुठं पयून जाते, मापारीबुवा?"

पण थांबलेल्या कापसाला दव लागतं, भाव पडतो. ते बाबांना जास्त ठाऊक होतं. त्यांनी ती गाडी स्वतः आपल्या काट्यावर नेऊन मोजली, बैलांना चारा घातला. हरलाल रिकामी टाकी घेऊन गेला. ते मधले दिवस कसे गेले हे मला नीट आठवत नाही. सुया टोचल्याचं आठवतं. डॉक्टर खुर्चीतच पेंगलेले आठवतात. आणि एका सकाळी पारूचा तळवा गार लागला म्हणून मी दचकून पाहिलं, तर ती डोळे उघडून माझ्या नाकातल्या चमकीकडे पाहत होती. ताप उतरला होता. तिनं चमकी ओढली. दुखलं. इतकं बरं वाटलं मला ते दुखणं!

हरलाल परतला तो मालमोटारीच्या पाठीवर, टाकीला कवटाळून बसलेला. आपली घोंगडी त्यानं टाकीभोवती गुंडाळली होती, तिला कुठं ठोकर लागू नये म्हणून. पौषातल्या त्या थंडीत त्याच्या अंगावर नुसती बंडी. मायनं त्याला आत बोलावलं, आमच्याच ताटात वाढलं, आणि तो जेवेस्तोवर घोंगडीवरचे कापसाचे कण वेचत बसली.

संक्रांतीच्या सुमारास, सकाळचं ऊन ओसरीवर चढत असताना, मला कळा सुरू झाल्या. सरकारी दवाखान्यातली नर्सबाई आली. मला उशांना टेकवून बसवलं, मुखवटा बांधला. रहीमभाईंनी त्या दिवशी दुकान उघडलं नाही. दाराआड, थोरलीपाशी, धुतलेले हात मांडीवर पालथे ठेवून ते बसून होते. कशालाही शिवायचं नाही म्हणून. मध्येच त्यांचा आवाज यायचा, "मापारीबुवा, काटा?" आणि बाबांचा, "हाय, अजून हाय." आमचे हे रात्रीच ढाणकीहून आले होते. त्यांना कुठलंच काम नव्हतं. ते परसात दोन्ही चुलींना लाकडं घालत सुटले होते. जुबेदाभाभी ओरडल्या, "अजी जमाईबाबू, पानी उकळून आटलं, बस करा!" ते ऐकून मला त्या अवस्थेत हसू आलं आणि त्या हसण्यातच बाळ झालं. मुलगी.

ती रडली. सगळी सुटल्यासारखी बोलू लागली. फक्त डॉक्टर गप्प होते. अशा बाईला बाळ झाल्यावरच खरा धोका असतो, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांची नळी माझ्या छातीवर, नजर माझ्या ओठांवर. दुपार कलली, जिनाचा भोंगा झाला, तेव्हा त्यांनी नळी काढली आणि म्हणाले, "आता चहा घेतो."

पुढं काही वर्षांनी मुंबईला माझ्या त्या झडपेवर शस्त्रक्रिया झाली आणि दार उघडलं. त्या शल्यवैद्यांचेही उपकार आहेतच. पण ते दार उघडेपर्यंत मला जिवंत पोचवणारे दिग्रसचे होते. तो पितळी जोड डॉक्टरांनी आपल्या पिशवीत ठेवून घेतला. रहीमभाई हात धुऊन कितीतरी घरांत गेले, असं माय सांगायची. आता त्यांतलं कुणी नाही. त्यांना मी कधी आभार म्हटलं नाही. आमच्या वऱ्हाडी बोलीत तो शब्द कुणी घरच्या माणसाला वापरत नाही. वापरला तर माणूस दुखावतो. मग त्या शब्दाऐवजी काय करायचं असतं? मला वाटतं, श्वास सुखानं घ्यायचा आणि तो कुणाचा आहे हे विसरायचं नाही.

बाराव्या दिवशी बारसं ठरलं. यांना बहीण नाही. पाळण्यात नाव ठेवायला आत्या लागते. चुलत, मावस कुणी मिळते का, याचा विचार चालला होता. ढाणकीहून सासूबाई आल्या होत्या, त्या शांतपणे सारं पाहत होत्या. पाळण्याच्या एका अंगाला जुबेदाभाभी उभ्या होत्या, हातात स्वतः शिवलेलं झबलं. दुसऱ्या अंगाला सोनीबाई, कडेवर पारू.

सासूबाई म्हणाल्या, "आत्या कायले शोधून राह्यले? ह्या दोघी कोन हायेत मंग?"

भाभींनी मायकडे पाहिलं. माय म्हणाली, "वाका नं वं, पोरीले किती वेळ ताटकळत ठेवता?"

तशा दोघी दोन बाजूंनी पाळण्यावर वाकल्या. भाभींची ओढणी आणि सोनीबाईची ओढणी एकमेकींत अडकली. एका कानात एकीनं नाव सांगितलं, दुसऱ्या कानात दुसरीनं. बायांनी कुर्रर्र केलं. पारूनं वरून हात घालून बाळाची टोपी ओढली.

आम्ही पोरीचं नाव ठेवलं जीवनकला. सगळे कला म्हणतात. पण त्या दोघींनी कानात काय सांगितलं होतं ते दोघींनीही शेवटपर्यंत सांगितलं नाही. विचारलं की जुबेदाभाभी म्हणायच्या, "थे आमचं आणि तिचं हाय." कला आता साठीला आली आहे, नागपूरला असते. तिच्या लग्नात मानाची लुगडी नेसवायची वेळ आली तेव्हा गुरुजींनी विचारलं, आत्या कुठं आहेत?

ती मंडपातूनच ओरडली, "दोन हायेत. दोघीले बलावा."